कोण ते नाही, किती ते सांगा!

मित्रमैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. उद्या तुमच्या वर्गात कोण गैरहजर राहील, सांगता येईल?

नाही ना! कुणाला ताप येईल, कुणाच्या मामाचं लग्न निघेल, कुणाचा गृहपाठ राहिला म्हणून ऐन सकाळी पोट दुखायला लागेल. ते आधी कसं कळणार? बरं, मग प्रश्न थोडा बदलूया. उद्या तुमच्या वर्गात साधारण किती जण गैरहजर राहतील?

आता मात्र तुम्ही विचारात पडलात. कारण बाईंच्या टेबलावर हजेरीपट असतो! समजा, वर्गात पन्नास मुलं आहेत आणि गेल्या तीन महिन्यांचा हजेरीपट चाळून असं दिसलं, की रोज सरासरी चार जण येत नाहीत. मग उद्याही चाराच्या आसपास, म्हणजे दोन ते सहा जण गैरहजर असतील, असं तुम्ही सांगू शकाल. बहुतेक दिवशी तुमचं उत्तर बरोबरही येईल. एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांबद्दल मात्र असं सांगायला जाऊ नका, फजिती होईल. उलट हजार मुलांच्या अख्ख्या शाळेबद्दल सांगायचं असेल तर अंदाज आणखी नेमका येईल.

खरं वाटत नाही? मग नाणं उडवून बघा. शंभर वेळा उडवलं तर छाप साधारणपणे चाळीस ते साठ वेळा पडतो. म्हणजे पन्नासच्या अलीकडे-पलीकडे दहा. पण दहा हजार वेळा उडवलं (एवढा वेळ कुणाकडे असेल तर!) तर छाप साधारणपणे चार हजार नऊशे ते पाच हजार शंभर यांच्या दरम्यान पडतो. शंभरात दहाची चूक, दहा हजारांत फक्त शंभराची. म्हणजे शेकडा दहावरून शेकडा एकवर आलो की नाही?

'कोण' ते सांगता येत नाही, पण 'किती' ते सांगता येतं, आणि जितकी जास्त माणसं तितकं नेमकं सांगता येतं. एवढ्या एका गोष्टीवर एक अख्खं शास्त्र उभं आहे. त्याचं नाव ॲक्चुअरियल सायन्स. मराठीत विमागणित म्हणूया. हे काम करणारा तो ॲक्चुअरी, म्हणजे विमागणिती. या विषयात चक्क एम.एस्सी. करता येतं. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर ही नावं तुम्ही लहानपणापासून ऐकता. हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. म्हणून आज या वाटेवर थोडं चालून बघू. तिथे काय शिकवतात, हे नुसतं सांगण्यापेक्षा त्यातले दोन-चार धडे इथेच शिकूया. वही-पेन्सिल घेतलीत? चला तर.

धडा पहिला : माणसं मोजायची

एडमंड हॅले हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. हो, तोच तो धूमकेतूवाला! १६८२ साली दिसलेला धूमकेतू पुन्हा १७५८ साली येईल, असं त्यानं गणितानं सांगितलं. तो स्वतः १७४२ सालीच वारला, पण धूमकेतू शब्दाला जागला आणि १७५८च्या डिसेंबरात खरोखरच दिसला. १९८६ साली तो येऊन गेला आणि आता २०६१ साली येईल. तेव्हा तुम्ही चांगले मोठे झालेले असाल!

याच हॅलेनं १६९३ साली एक अगदी वेगळा निबंध लिहिला. तेव्हाच्या ब्रेस्लाऊ या शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात) कास्पार नॉयमान नावाचा एक धर्मोपदेशक होता. गावात जन्म किती झाले, मृत्यू किती झाले, मरणारा किती वर्षांचा होता, याची त्यानं नीट नोंद ठेवली होती. १६८७ ते १६९१ अशा पाच वर्षांच्या नोंदी हॅलेच्या हाती आल्या. त्यातून त्यानं एक तक्ता केला. एक वर्षाची १००० मुलं धरली, तर त्यातली कोणत्या वयाला किती उरतात, याचा तो तक्ता. त्यातले हे थोडे आकडे बघा :

वय १ : १०००
वय ६ : ७१०
वय २० : ५९८
वय २१ : ५९२
वय ५० : ३४६
वय ५१ : ३३५
वय ७० : १४२

हे आकडे वाचताना जरा थांबा. सहा वर्षांची होईपर्यंत हजारातली २९० मुलं गेलेली! हॅलेनं आणखी एक हिशेब मांडला. त्या गावात वर्षाला १२३८ मुलं जन्मत आणि त्यातली सतरा वर्षांपर्यंत ६१६ उरत. म्हणजे निम्मी मुलं सतरा वर्षांची होण्याआधीच जात. तुमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी आहेत असं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा काय बोलतो ते कळेल. आज लसी आहेत, शुद्ध पाणी आहे, औषधं आहेत, म्हणून तुमची बाकं भरलेली आहेत.

गंमत अशी, की धूमकेतू एकटाच असतो, तरी तो कधी येणार ते सांगता येतं. माणसाचं तसं नाही. एकटा माणूस किती जगेल, हे हॅलेसारख्यालाही सांगता आलं नसतं. पण हजार माणसं एकत्र मोजली, की तेही आकाशातल्या गणितासारखं रांगेत येऊन बसतं.

धडा दुसरा : हप्ता ठरवायचा

आता तुम्ही विमा कंपनीत बसला आहात. समोर वीस वर्षांचे ५९८ तरुण आहेत. प्रत्येक जण म्हणतो, "या वर्षात मी मेलो, तर माझ्या आईला हजार रुपये द्या." प्रत्येकाकडून किती रुपये घ्याल?

तक्ता बघा. ५९८ चे वर्षभरात ५९२ होतात. म्हणजे सहा जण जातील. कोण सहा, ते ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. सहा जणांच्या घरी मिळून ६००० रुपये द्यायचे. ते ५९८ जणांत वाटले तर प्रत्येकी साधारण १० रुपये. झाला हप्ता!

आता पन्नास वर्षांची ३४६ माणसं घ्या. वर्षभरात ३३५ उरतात. म्हणजे ११ जातील. द्यायचे ११,००० रुपये, भागिले ३४६. करा बघू भागाकार. साधारण ३२ रुपये येतील. वय वाढलं की विम्याचा हप्ता का वाढतो, हे आता कुणी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट राहिली. पैसे आज घ्यायचे आणि द्यायचे मात्र पुष्कळ वर्षांनी. मधल्या काळात ते नुसते पडून राहत नाहीत, त्यांना व्याज मिळतं. शेकडा सहा दरानं चक्रवाढ व्याज मिळालं, तर १०० रुपयांचे बारा वर्षांत साधारण २०१ होतात. म्हणजे बारा वर्षांनी द्यायच्या हजार रुपयांसाठी आज पाचशेच्या आतच रक्कम बाजूला ठेवली तरी पुरते. शाळेत कंटाळा येणारं ते चक्रवाढ व्याजाचं सूत्र इथे असं कामाला येतं. माणसं किती जगतील आणि पैसा किती वाढेल, हे दोन्ही हिशेब एकत्र बांधले, की विमागणिताचा पाया तयार होतो.

धडा तिसरा : शब्द पाळायचा

आता स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जाऊ. अठराव्या शतकात तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून काम करणाऱ्यांना राहायला चर्चचं घर मिळे. पण तो माणूस वारला, की घर सोडावं लागे. बायकोनं मुलांना घेऊन जायचं कुठे? वर्गणी गोळा करून मदत व्हायची, पण ती कधी मिळे, कधी नाही.

रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर हे दोघेही धर्मोपदेशकच होते. त्यांनी ठरवलं, की मागून मिळणारी मदत नको, हक्कानं मिळणारं वेतन हवं. प्रत्येकानं हयात असताना दरवर्षी ठरावीक रक्कम निधीत भरायची आणि तो गेल्यावर त्याच्या पत्नीला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळायची. सर्वांत लहान हप्ता अडीच पौंडांहून थोडा जास्त होता, त्यावर विधवेला वर्षाला १० पौंड. सर्वांत मोठा साडेसहा पौंडांच्या आसपास, त्यावर २५ पौंड.

पण निधी पुरेल का? त्यांनी अंदाज केला नाही, मोजायला घेतलं. चर्चच्या नोंदी मागवल्या. कोणत्याही वेळी साधारण ९३० धर्मोपदेशक कामावर असतात, वर्षाला त्यातले सुमारे २७ जण जातात आणि त्यांपैकी १८ जणांच्या मागे पत्नी असते, असं त्यातून निघालं. हिशेब तपासायला त्यांच्या मदतीला होता कॉलिन मॅक्लॉरिन, एडिंबरा विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक. पुढे कॉलेजात गेल्यावर 'मॅक्लॉरिनची श्रेणी' शिकाल, तोच हा. १७४४ साली निधी सुरू झाला.

त्यांनी पुढच्या वर्षांचाही हिशेब मांडून ठेवला होता. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड असतील, असं त्यांच्या कागदावर होतं. ते वर्ष उजाडलं तेव्हा निधीत किती होते ठाऊक आहे? ५८,३४७! फक्त एका पौंडाचा फरक. त्या फरकाचं कौतुक सगळेच करतात. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की नवरा गेल्यावर घर सोडून निघालेल्या बाईच्या हातात ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी पडत राहिले.

तिकडे लंडनमध्ये जेम्स डॉडसन नावाचा एक गणिताचा शिक्षक होता. तो आयुर्विमा काढायला गेला तर संस्थेनं सांगितलं, "पंचेचाळीसच्या पुढे आम्ही घेत नाही." डॉडसनचं वय तेव्हा त्याहून जास्त! तो रागावून बसला नाही. वयाप्रमाणे हप्ता ठरवला तर कोणत्याही वयाच्या माणसाचा विमा काढता येईल, असं त्यानं गणित मांडून दाखवलं. १७५७ साली तो वारला, पण त्याच्या विचारावर १७६२ साली लंडनमध्ये 'इक्विटेबल' ही संस्था सुरू झाली. तिच्या मुख्य अधिकाऱ्याला 'ॲक्चुअरी' हे नाव दिलं गेलं. तेच नाव आज जगभर चालतं.

आपल्याकडचीही गोष्ट ऐका. इंग्रजी अमलात विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा सहज काढत नसत. काढलाच तर जास्तीचा हप्ता लावत. तुमच्या आयुष्याचा भरवसा नाही, असाच त्याचा अर्थ. १८७० साली मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' ही संस्था निघाली आणि तिनं हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दरानं काढायला सुरुवात केली. म्हणजे बघा, तक्त्यात कुणाला मोजायचं आणि कसं मोजायचं, यात न्याय-अन्यायही असतो. पुढे १९५६ साली देशातल्या आयुर्विमा कंपन्या एकत्र करून एल.आय.सी. झाली, ती तुम्हाला माहीत आहेच.

धडा चौथा : हिशेब कुठे चुकतो?

आता पुन्हा तुमच्या वर्गातल्या हजेरीपटाकडे वळू. रोज चार जण गैरहजर, हे ठीक. पण मुंबईत २६ जुलै २००५ रोजी काय झालं, ते घरी विचारा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. अशा दिवसाच्या दुसऱ्या सकाळी चार जण गैरहजर राहतात, की सगळाच्या सगळा वर्ग?

एकाच्या तापाचा दुसऱ्याच्या मामाच्या लग्नाशी संबंध नसतो, म्हणून सरासरीचा हिशेब चालतो. पण एकच कारण सगळ्यांना एकदम गाठतं, तेव्हा सरासरी कोलमडते. पूर, भूकंप, २०२० साली आलेली कोविडची साथ ही सगळी तशीच. अशा दिवसासाठी किती पैसे वेगळे राखून ठेवायचे, हे ठरवणं विमागणितीच्या कामातला सर्वांत अवघड भाग.

दुसरा धोका आणखी छुपा असतो. मघाशी सांगितलेली लंडनची इक्विटेबल आठवते ना? तिनं १९५७ सालापासून पुष्कळ लोकांना असं वचन दिलं, की तुम्ही निवृत्त झालात की तुमच्या साठलेल्या रकमेवर दरवर्षी निदान इतकं वेतन देऊच. तेव्हा ते वचन स्वस्त वाटलं. पण पुढे व्याजाचे दर खाली आले आणि माणसं जास्त वर्षं जगायला लागली. वेतन जास्त वर्षं द्यायचं आणि पैसा मात्र हळू वाढणार! कंपनीनं त्यातून वाट काढायचा प्रयत्न केला. वाद कोर्टात गेला आणि जुलै २००० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं, दिलेलं वचन पाळलंच पाहिजे. तेवढे पैसे कंपनीकडे नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात तिनं नवे ग्राहक घेणं बंद केलं. २००१ साली अनेकांच्या साठलेल्या रकमेत मोठी कपात झाली. आयुष्यभर पै-पै साठवलेली, म्हातारपणाच्या भरवशावर बसलेली माणसं होती ती. पुढे ब्रिटिश सरकारला नुकसानभरपाईची योजना आणावी लागली.

ज्या संस्थेनं 'ॲक्चुअरी' हा शब्द जगाला दिला, तिचंच असं झालं. तिथे गणित येणारी माणसं नव्हती का? होती की! पण नुसतं गणित येऊन भागत नाही. "हे वचन आत्ता स्वस्त दिसतंय, पण तीस वर्षांनी महाग पडेल," असं वेळेवर आणि स्पष्ट सांगावं लागतं. ऐकणाऱ्याला ते आवडलं नाही तरी. वचन देणारा आज टाळ्या घेऊन जातो आणि ते पाळायची वेळ येते तेव्हा तो खुर्चीवर नसतो. समोर असते ती एखादी आजी, हातात पासबुक घेऊन. त्या आजीच्या बाजूनं आजच्या बैठकीत बोलणारा माणूस म्हणजे चांगला विमागणिती.

मग एम.एस्सी.त काय शिकतात?

हेच सारं, पण खोलात. उदाहरणासाठी पुन्हा एडिंबरालाच जाऊ. तिथल्या हेरियट-वॉट विद्यापीठात ॲक्चुअरियल सायन्सचं एम.एस्सी. आहे, एका वर्षाचं. दोन सत्रं वर्ग आणि परीक्षा, मग उन्हाळ्यात प्रबंध. त्यात संभाव्यता आणि संख्याशास्त्र असतं, व्याजाचं गणित असतं, आयुर्मानाचं गणित असतं. अपघात, आग, चोरी अशा विम्यांत वर्षाला किती दावे येतील आणि ते केवढ्या रकमांचे असतील, तेही शिकावं लागतं. जोडीला अर्थशास्त्र आणि संगणकावरचं काम.

एक नमुना सांगतो तो ठिकरीच्या खेळासारखा आहे. जमिनीवर तीन घरं आखा : निरोगी, आजारी, मृत. पहिल्या घरातून दुसऱ्यात जाता येतं, दुसऱ्यातून पहिल्यात परतही येता येतं. दोन्हींतून तिसऱ्यात जाता येतं, पण तिसऱ्यातून परत यायचं नाही. दरवर्षी किती जण कोणत्या घरातून कोणत्या घरात उडी मारतील, याचं गणित जमलं की आजारपणाच्या विम्याचा हप्ता काढता येतो. ऐकायला सोपं, करायला चांगलं घाम काढणारं!

आणि हे शिकायला परदेशीच जायला हवं असंही नाही. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकवलेल्या शैलजा देशमुख यांनी याच विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं आहे. त्यात सगळी गणितं 'आर' नावाच्या मोफत मिळणाऱ्या संगणक-भाषेत करून दाखवली आहेत.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एम.एस्सी. झालं म्हणजे माणूस विमागणिती झाला, असं नाही! वकिलीची किंवा सी.ए.ची असते तशी याचीही व्यावसायिक संस्था आहे आणि तिच्या परीक्षा वेगळ्या असतात. आपल्याकडे १९४४ साली विमागणितींची संस्था स्थापन झाली. २००६ साली संसदेनं कायदा केला आणि तिची 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया' झाली. तिचं कार्यालय नवी मुंबईत आहे. बारावीनंतर तिची प्रवेश परीक्षा देता येते. मग दहाहून जास्त पेपर, एकेक करून द्यायचे. बरेच जण दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास असं करतात. एकेका पेपरला दोन-तीनदा बसावं लागणं, सगळं संपायला पाच-सात वर्षं लागणं, यात कुणाला काही नवल वाटत नाही. हीच संस्था भारतीय विमाधारकांचा मृत्युदराचा तक्ताही करते. २०१२ ते २०१४ या काळातल्या नोंदींवरून केलेला तक्ता विमा कंपन्यांनी वापरला आहे. हॅलेचंच काम, पण आपल्या माणसांचं!

चांगल्या विद्यापीठाच्या एम.एस्सी.चा फायदा असा, की तिथे ठरलेले गुण मिळवले तर व्यावसायिक परीक्षेतल्या सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळू शकते. शिवाय शिकवायला माणसं असतात, बरोबर अभ्यास करायला सोबती असतात.

आईबाबांसाठी चार ओळी

हे पान तुम्हीही वाचता, म्हणून थोडं तुमच्याशी. या व्यवसायात पगार चांगले असतात, हे खरं. प्रत्येक विमा कंपनीला कायद्यानं एक नियुक्त विमागणिती ठेवावाच लागतो. पण पगाराचा आकडा ऐकून मुलाला या वाटेला लावू नका. परदेशी एम.एस्सी.चा खर्च लाखांच्या घरात जातो. तेव्हा कर्ज काढण्याआधी आधी घरूनच व्यावसायिक परीक्षेचा एखादा पेपर द्यायला लावा. त्यात मन रमलं तर पुढचं पाऊल. कोणत्या पेपरांतून सूट मिळेल, हे विद्यापीठाकडून आणि संस्थेकडूनही लेखी विचारून घ्या. जाहिरातीवर विसंबू नका. बी.एस्सी.ला गणित किंवा संख्याशास्त्र घेतलं, तर ही वाट सोडावी लागली तरी काही वाया जात नाही. बँक, संशोधन, सरकारी सांख्यिकी खातं, शिक्षण अशा कितीतरी वाटा तिथून फुटतात.

आणि मुलांनो, तुम्हाला गणितात पैकीच्या पैकी मिळत नाहीत म्हणून लगेच पान उलटू नका. या कामाला चिकाटी लागते. आकड्यामागचा माणूस दिसावा लागतो. आणि काढलेलं उत्तर साध्या भाषेत दुसऱ्याला समजावता यावं लागतं. मराठीचा निबंध नीट लिहिणाऱ्यालाही इथे जागा आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. बाईंची परवानगी घेऊन तुमच्या वर्गाच्या गेल्या महिन्याच्या हजेरीपटावरून रोजच्या गैरहजर मुलांची संख्या लिहून काढा. फक्त संख्या, नावं नकोत! सरासरी काढा. मग पुढच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज किती जण गैरहजर राहतील, ते आधीच कागदावर लिहा आणि रोज पडताळून बघा. सोमवारचा अंदाज जास्त चुकतो की शनिवारचा? जोराचा पाऊस झाला, गावची जत्रा आली, तर काय होतं? चुकलात तर खोडू नका; का चुकलो, ते शेजारी लिहा. विमागणितीची वही अशीच असते. तुमचे आकडे आम्हाला पत्रानं जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटू, अशाच एका वेगळ्या वाटेवर.